बाईंच्या नावावर

जगातल्या प्रत्येक बाईने आपलं आयुष्य लिहून काढलंच पाहिजे असं मानणारी आणि त्यापायी कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या निम्म्या बायकांना पळता भुई थोडी करणारी माणसं दोन असती, तर आम्ही सगळ्या गाव सोडून गेलो असतो. नशीब आमचं, एकच होती. त्या आमच्या बाई. बाई म्हणजे शाळेतल्या बाई, मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी खालापूरच्या बाजूच्या एका शाळेत काढली, नंतरची कर्जतला, आणि निवृत्त झाल्यावर कर्जतच्या स्टेशनापलीकडे दोन खोल्या घेऊन राहिल्या. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मी त्यांची कर्जतची विद्यार्थिनी. तहसील कचेरीच्या रस्त्यावर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, लग्नाचे बायोडाटा, वाढदिवसाचे फलक, दशक्रियेच्या पत्रिका, सगळं माझ्या बोटांखालून जातं, आणि माणूस छापील अक्षरात जितकं खोटं बोलतो तितकं तोंडाने बोलत नाही असं माझं मत झालेलं आहे. बाई दुकानात आल्या की गिऱ्हाइकाची खुर्ची अडवून बसत आणि बायोडाटा करायला आलेल्या मुलीला विचारत, "रंग गोरा, उंची पाच-दोन, ते कळलं. पण तू कोण?" मुलगी आईकडे बघायची, आई माझ्याकडे, आणि मी झेरॉक्सच्या मशीनकडे.

बाईंना एकच वेड होतं. इतिहासात ज्या ज्या बायकांनी स्वतःच्या आयुष्याबद्दल चार ओळी लिहिल्या, त्या सगळ्या त्यांच्या नात्यातल्या. संसारातून सुटून गाणी रचणाऱ्या भिक्खुणी असोत, दळताना देवालाच चार शब्द सुनावणाऱ्या संत बायका असोत, की नवरा कचेरीत गेल्यावर स्वयंपाकघरात चोरून अक्षरं गिरवणाऱ्या मागच्या पिढ्यांमधल्या सुना असोत, बाई त्यांच्याबद्दल शेजारच्या आळीतल्या असल्यासारखं बोलायच्या. "बिचारीला सासूने फार छळलं गं," असं त्या डोळ्यांत पाणी आणून सांगायच्या, आणि मी "कुणाला?" म्हणून विचारलं की कळायचं, ती जाऊन शंभर वर्षं झाली. कुठल्याशा राजघराण्यातल्या एका स्त्रीचं लिखाण म्हणे वाक्याच्या मध्येच तुटलेलं आहे. त्या तुटलेल्या वाक्याने बाईंची झोप उडाली. पुढे तिला काय म्हणायचं होतं, हा विचार त्यांनी इतकी वर्षं केला की तेवढा विचार मी माझ्या नवऱ्याच्या रक्तदाबाचाही केला नाही. शेवटी त्यांनी ठरवून टाकलं, कुणातरी पुरुषाने चहासाठी हाक मारली असणार.

खोपोलीच्या एका वाचनालयात त्या आठवड्यातून एकदा एसटीने जायच्या आणि तिथे हमखास भांडण करून यायच्या. भांडण असं, की बायकांची आत्मचरित्रं तिथे नवऱ्यांच्या चरित्रांच्या मागे, दुसऱ्या रांगेत लावलेली असायची. बाई ती काढून पुढे लावायच्या आणि नवरे मागे ढकलायच्या. ग्रंथपाल शनिवारी परत उलट करायचा. हे कित्येक वर्षं चाललं. एकदा त्या ग्रंथपालाने कंटाळून, साधेपणाने, म्हटलं की बाई, एवढं काय मनावर घेता, हे बहुतेक नवऱ्यांनीच लिहून दिलेलं असणार. झालं. बाईंनी वाचनालयाच्या पायरीवर बसून एसटी चुकवली, पण त्याला सोडलं नाही. "बाईने स्वयंपाक केला तर तो नवऱ्याने करून दिला असं कुणी म्हणत नाही. अक्षर काढलं की मात्र कुणीतरी काढून दिलेलं असतं," असं त्यांनी त्याला ऐकवलं. जगात त्यांना सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा तर या एका वाक्याचा. तुला कोणी लिहून दिलं. हे वाक्य कुणाच्या तोंडून निघालं की त्या दोन दिवस जेवायच्या नाहीत.

संक्रांतीला बाई हळदीकुंकू करायच्या. सवाष्णीची अट नाही, विधवा, परित्यक्ता, कुमारिका, सगळ्या. इथवर गावाने सोसलं. पण वाण म्हणून त्या काय द्यायच्या, तर पेन आणि दोऱ्याने बांधलेले कोरे फुलस्केप कागद. दुसऱ्या घरी प्लास्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या, निदान साबणाची वडी तरी मिळते, आणि इथे कागद. बायका तोंडावर "किती छान" म्हणायच्या आणि घरी जाऊन ते कपाटात साड्यांच्या खाली अंथरायच्या. त्यांना वाटायचं प्रकरण मिटलं. पण शिक्षिकेने दिलेला कोरा कागद कधी मिटतो का. होळी झाली की बाई छत्री घेऊन घरोघर गृहपाठ तपासायला निघायच्या. "लिहिलंस का?" या प्रश्नाला भिऊन आमच्या आळीतली एक धडधाकट बाई एकदा पलंगाखाली गेली होती. ज्यांनी भिडेखातर दोन पानं लिहिली त्यांची गत त्याहून वाईट. बाई लाल पेनने समासात लिहायच्या: इथे का थांबलीस? याला "समाधान" म्हणतात का? सासऱ्यांचा स्वभाव प्रेमळ होता, मग चौथ्या ओळीत तू विहिरीवर का गेलीस? एका बाईच्या तीन पानांच्या संसाराला त्यांनी दहापैकी चार मार्क दिले. तिने वर्षभर बाईंशी अबोला धरला, आणि मग एक दिवस येऊन बसली आणि चौथं पान लिहून देऊन गेली. त्या पानाला मार्क दिले नाहीत. बाई फक्त तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या.

स्वतः बाईंनी एक ओळ लिहिली नव्हती. मी एकदा धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्या आयुष्यात काय झालं, पाचवी अ आणि पाचवी ब. मी म्हटलं, बाई, हे उत्तर तुम्ही दुसऱ्या कुणा बाईकडून खपवून घेतलं असतं का? त्यांनी माझ्याकडे शाळेतल्यासारखं बघितलं आणि विषय बदलला. मला राग आला होता. आपण काठावर उभं राहून दुसऱ्यांना पाण्यात ढकलायचं, असंच मला त्या दिवशी वाटलं.

आणि मग मंजुळाने लिहिलं.

मंजुळा नेरळच्या बाजूला पोशीरला दिलेली. माहेर खालापूरजवळच्या एका गावात, एक्स्प्रेस वेच्या अलीकडे. ती आणि तिचे दोन मोठे भाऊ, तिघंही बाईंच्या पहिल्या शाळेतले. मंजुळा सातवीपर्यंत शिकली, मग भात लावायला गेली. अंगाने किडमिडीत आणि जिभेने अशी की भाजीवालासुद्धा तिला वजनात मारत नसे. ती बाईंच्या हळदीकुंकवाला नेरळहून यायची. पाच-सहा वर्षं तिने कागद नेले आणि काही लिहिलं नाही. एका होळीनंतर मात्र बाई तपासायला जायच्या आधीच ती माझ्या दुकानात आली, पिशवीतून दोन पानं काढली आणि म्हणाली, ताई, बाईंना द्या, मला त्यांच्या पुढ्यात बसवत नाय. मी वाचलं. सगळं इथे देत नाही, थोडंसं देते:

"भाऊ गाडी घेऊन आले. मी इचारलं आई बरी हाय ना. बोलले बरी हाय, तू चल, खालापूरला सही करायची हाय. मी लुगडं बदललं. हापिसात सायबांनी इचारलं, हक्क सोडता तो राजीखुशीनं ना. मी भावांकडं बगितलं. भाऊ खिडकीतनं बाहेर बगत होते. मी हो बोलले. येताना वडापाव दिला आणि साडी दिली. साडीचा रंग मला सोभत नाय, पन दर भाऊबीजेला नेसते, त्यांना बरं वाटतं. वरच्या खाचरात आमी लहानपनी मासे धरायचो. तितं आता शेटचा पोहायचा तलाव हाय म्हनतात. मी बगितला नाय. वॉचमन आत सोडत नाय."

बाईंनी ते वाचलं आणि लाल पेनाला टोपण लावलं. समासात एक अक्षर लिहिलं नाही. मला म्हणाल्या, अगं, हजारो वर्षं ज्या बाईची मी वाट बघत होते ती पोशीरला राहते.

आता इथून पुढे जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालंच नसतं. त्यासाठी चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलंच माणूस लागतं. बाईंच्या त्या पहिल्या शाळेचा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि त्यानंतर स्मरणिका निघणार होती, ती जुळवायचं काम माझ्याकडे. बाईंनी ठरवलं, मेळाव्यात मंजुळाने हे स्वतः वाचायचं. इथपर्यंतही ठीक. पण बक्षीस मिळालेल्या मुलीच्या पालकांना बोलवायची शाळेची रीत. मंजुळाचे वडील केव्हाच गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली. मग पालक कोण? भाऊ. बाईंनी दोघा भावांना आपल्या हाताने निमंत्रण लिहिलं, की तुमच्या बहिणीचा गौरव आहे, सहकुटुंब यावे. मी म्हटलं, बाई, डोकं ठिकाणावर आहे का? त्या म्हणाल्या, "माझेच विद्यार्थी आहेत गं. धाकट्याला तर गोष्ट ऐकून रडू यायचं. त्यांना कधी कुणी समजावून सांगितलंच नसेल." माणसं वाईट वागतात ती समजलं नाही म्हणून, असं ती बाई सत्तरी ओलांडूनही मानत होती. याला भाबडेपणा म्हणावं की मास्तरकी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

भाऊ आले. पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळ्या, शाळेच्या नव्या फाटकाला देणगी दिलेली म्हणून पहिल्या रांगेत, हातात श्रीफळ. मंजुळा उभी राहिली आणि तिने भाऊ समोर दिसल्यावरही वाचलं. वडापावापाशी लोक हसले, तलावापाशी गप्प झाले. संपल्यावर टाळ्या वाजल्या, आणि भावांनीही वाजवल्या. ग्रूप फोटोत उभे राहिले, बाईंच्या पाया पडले, भजी खाल्ली. बाई मला म्हणाल्या, बघ.

बघण्यासारखं नंतर सुरू झालं. भाऊबीजेला पोशीरला कुणी आलं नाही. मंजुळा आपण होऊन माहेरी गेली तर वहिनीने फाटकातूनच सांगितलं, सासूबाई झोपल्यात. दुसऱ्यांदा गेली तेव्हा झोपल्यात. तिसऱ्यांदा फाटक उघडायलाही कुणी आलं नाही. गावाने कुणाची बाजू घेतली असेल? जमीन विकून दुमजली बंगला बांधणाऱ्यांची की साडी नेसून उभ्या राहणाऱ्या बहिणीची? बायकासुद्धा म्हणाल्या, घरातलं चव्हाट्यावर आणायचं नव्हतं, आमी नाय केल्या सह्या? आणि खरंच केल्या होत्या. या पट्ट्यात फार्महाउसच्या प्रत्येक हिरवळीखाली कुणा ना कुणा बहिणीची सही आहे. त्या सगळ्या गप्प राहिल्या, म्हणून त्यांना माहेर होतं. मंजुळाचा नवरा भला माणूस, तो तिला काही बोलला नाही. पण आईचं अन्न सुटत चाललंय हे तिला दुसऱ्यांच्या तोंडून कळायला लागलं, आणि ती किडमिडीत बाई निम्मी झाली.

स्मरणिकेच्या मलपृष्ठावर भावांची जाहिरात होती. ती द्यायला थोरला माझ्या दुकानात आला. बसला, पाणी प्यायला, आणि हळूच म्हणाला की मंजीचं ते छापायचं तर छापा, पण ते तिचं नाय. तिला कुटं एवढं येतंय. बाईंनीच लिवून दिलं आसंल. तसं बाईंनी घरी येऊन सांगितलं तर आमचं काय म्हननं नाय, भैन आमचीच हाय, आईला बगायला कदी बी येऊं दे. अगदी गोड बोलला. त्याला शिव्या द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते असं नाही, भरपूर होते, पण त्यांच्या फाटकाच्या आत तिची आई होती.

मी हे बाईंच्या खोलीवर जाऊन सांगितलं तेव्हा मंजुळा तिथेच बसलेली होती. ती लगेच म्हणाली, मी सांगते की माजं नाय, मला काय त्याचं. बाई म्हणाल्या, "तू नाही खोटं बोलायचंस. तू खरं लिहिलं आहेस. खोटं मी बोलते."

आम्ही तिघी रिक्षाने खालापूरला गेलो. बंगल्याच्या हॉलमध्ये सोफ्यावर अजून प्लास्टिक होतं. मंजुळाला आत आईकडे सोडलं, बाईंना आणि मला बाहेर बसवलं. शंकरपाळी आली, चहा आला. बाई ताठ बसून वर्गात बोलतात तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, ते मी लिहिलं, मंजुळाने फक्त वाचलं. थोरला खूष झाला. त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, मला वाटलंच व्हतं बाई, मंजीला कुटं जमतंय. बाईंनी कप खाली ठेवला. जन्मभर ज्या एका वाक्यावर त्या माणसांना वाचनालयाच्या पायरीवर उभं करून भाजून काढायच्या, ते वाक्य त्यांच्या समोर होतं. त्या म्हणाल्या, "हो. तिला कुठलं जमतंय." मला त्या घरातल्या शंकरपाळ्यांची परात त्या माणसाच्या डोक्यात घालावीशी वाटली, आणि अजूनही वाटते.

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मंजुळाची आई अंथरुणातून तिला विचारत होती, वॉचमन खरंच आत सोडत नाय काय गं तुला? मंजुळा म्हणाली, आई, ते बाईंनी लिवलंय, मी नाय. म्हातारी बारीक हसली आणि म्हणाली, "गप गं. एवढं टोचून या घरात दुसरं कोन बोलतंय." ते बाईंनीही ऐकलं. परतीच्या रिक्षात त्यांनी मला ते दोनदा म्हणून दाखवलं.

स्मरणिकेचं ते पान मीच जुळवलं. मंजुळाचं नाव पुसून खाली बाईंचं घातलं. प्रूफ तपासायला बाई आल्या, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, आणि ठीक आहे म्हणाल्या. त्यानंतर त्या खोपोलीला गेल्या नाहीत. पुढच्या संक्रांतीला त्यांनी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या दिल्या. सगळ्या बायका म्हणाल्या, बाई आता माणसात आल्या. होळीनंतर कुणाच्या दारात छत्री दिसली नाही. मंजुळाची आई त्या पावसाळ्यात गेली, मंजुळाच्या मांडीवर डोकं ठेवून गेली, हे मात्र झालं. त्याची किंमत बाईंनी मोजली, आणि त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. पण मी त्यांना विझताना बघितलं आहे, म्हणून कुणी मला ते बरं झालं असं सांगू नये.

बाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. त्याच शाळेत शोकसभा झाली. हल्लीचे मुख्याध्यापक नवीन, त्यांनी स्मरणिका उघडली आणि म्हणाले की बाईंनी आयुष्यात लिहिलेलं हे एकमेव आत्मकथन आपण ऐकू या. आणि त्यांनी वाचलं. भाऊ गाडी घेऊन आले, खालापूरला सही, वडापाव, साडी, सगळं वाचलं. बाईंना भाऊ नव्हता. बाईंनी जन्मात भात लावलं नाही, खाचरात मासे धरले नाहीत, आणि त्यांच्या वडिलांची जमीन होती ती फक्त कुंडीत. सभेत भरलेल्या माणसांपैकी निम्म्यांना हे ठाऊक होतं. एकानेही मान वर केली नाही. सगळे हळहळत होते. पहिल्या रांगेत थोरल्या भावाने चष्मा काढून डोळे पुसले आणि शेजाऱ्याला म्हणाला, अशी वेळ कुटल्या भैनीवर येऊं नये. मी ते माझ्या कानांनी ऐकलं. त्याला खरंच रडू आलं होतं.

मंजुळा शेवटच्या बाकावर होती. मुख्याध्यापक वाचत होते आणि तिचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. एका ठिकाणी त्यांनी एक शब्द गाळला, तो तिने मनातल्या मनात भरला असावा, कारण ती क्षणभर मागे राहिली आणि मग त्यांना गाठलं. सभा संपल्यावर मी तिला फाटकाजवळ गाठलं. म्हटलं, आता आई नाही, बाई नाहीत, तू भिणार कुणाला. पान माझ्या कॉम्प्युटरवर आहे. तुझं नाव परत घालून शाळेला पुन्हा छापून देते, खर्च माझा, बघू कोण काय बोलतो. मला वाटलं ती हो म्हणेल, मी तर भावांच्या तोंडावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. ती पदराने चेहरा पुसत ऐकून घेत होती.

"जमीन भावांनी सही मागून नेली, ताई," ती म्हणाली. "ह्ये कुनी मागितलं नाय. बाईंचं सोताचं एक अक्षर नव्हतं गं. माजं ऱ्हाऊं दे त्यांच्या नावावर."

मग तिने माझा हात दाबला आणि नेरळकडे जाणाऱ्या रिक्षात जाऊन बसली. मी फाटकाला धरून उभी राहिले आणि मला बाईंची इतकी आठवण आली की लोकांदेखत रडू फुटलं. येणारेजाणारे म्हणाले, बाईंची लाडकी विद्यार्थिनी होती. तेवढं एक त्या दिवशी खरं बोललं गेलं.